बंद खोलीतली शेगडी

विस्तव कसा पेटवायचा हे मला माझ्या पोटच्या पोराने शिकवावं, असं मिरजेत कोणी म्हटलं असतं तर त्याला मी चहा न देताच वाटेला लावलं असतं. लग्न होऊन आले तेव्हापासून पंचवीस वर्षं आमच्या न्हाणीघरातला पाण्याचा बंब मी पेटवला. नारळाच्या शेंड्या, करवंट्या, दोन ढलप्या आणि एक काडी. दुसरी काडी ओढावी लागली तर माझी मलाच लाज वाटायची. आणि इथे परदेशात, लेकाच्या गावी गुंगालिनला उतरल्याच्या दुसऱ्याच सकाळी प्रणव मला हॉलमधल्या लाकडाच्या हीटरसमोर बसवून म्हणाला, "आई, हे नीट ऐक हं. फायर सेफ्टी इज नो जोक."

हा हीटर म्हणजे काचेचं दार असलेली एक काळी लोखंडी पेटी, आणि तिच्या डोक्यावर छपरातून बाहेर गेलेलं धुराडं. लाकूड खडखडीत वाळलेलंच हवं. पेटल्यावर दार बंदच हवं. हवेची खिट्टी एकदम आवळायची नाही, नाहीतर लाकूड नुसतं धुमसतं आणि धुराड्यात काजळी धरते. समोर मीटरभर काहीही ठेवायचं नाही. त्यासाठी या पठ्ठ्याने जमिनीवर पिवळी चिकटपट्टीच मारून ठेवली होती. राख काढायची ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि ती बादली मागच्या लाकडी डेकवर न ठेवता सिमेंटवर ठेवायची, कारण राखेच्या पोटात निखारा दोन-दोन, तीन-तीन दिवस जिवंत राहतो.

"हे सगळं मला माहीत आहे," मी म्हणाले.

"आई, यू थिंक यू नो."

कॉम्प्युटरवर बसून पोट भरणारा मुलगा मला राखेबद्दल सांगत होता. मी कपाळाला हात लावला.

पण दोन दिवसांत त्याने मला दोनदा पकडलं. एकदा मी येणाऱ्या बाळाची धुतलेली दुपटी लवकर वाळावीत म्हणून पिवळ्या पट्टीच्या आत दांडीवर टाकली होती. दुसऱ्यांदा भरताचं वांगं आत सारायच्या बेतात होते. दुपटी त्याने उचलून लांब नेली. वांग्यावरून मात्र आमचं रीतसर भांडण झालं आणि शेवटी मी ते गॅसवर भाजलं. त्याला चव नव्हती, हे मी जेवताना तीनदा सांगितलं.

मी आले होते सुनेच्या बाळंतपणाला. तेजश्री पुण्याची, इथे सरकारी खात्यात काम करते. मुलगी गुणी, आवाज कधी चढवायची नाही, पण पाणी प्यायचं तरी आधी वाचून मग पिणार. आमचे हे मिरजेतच राहिले होते, कारण थंडीचं नुसतं नाव काढलं तरी यांचे गुडघे दुखतात. मी एकटी विमानात बसले आणि सगळा प्रवास एकाच विचारात काढला. आमच्या गल्लीतली तेहतीस बाळं मी न्हाऊ घातली आहेत. पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर घ्यायचं, तेलाने अंग चोळायचं आणि मग कोमट पाण्याची धार धरायची. लोक मला बोलवायला यायचे. चौतिसावं बाळ माझं स्वतःचं होतं.

बाळ जूनच्या शेवटी झालं, मुलगी. इथे जून म्हणजे ऐन हिवाळा, बाहेर उणे पाच आणि गवतावर पांढरं दहिवर. मयूरा हे नाव दोघांनी आधीच ठरवलं होतं, मी आपली तिला चिमणी म्हणायची.

आणि चिमणीला न्हाऊ कोण घालत होतं? तेजश्री. मिडवाइफने शिकवलं तसं, प्लॅस्टिकच्या टबात, बाथरूमचं दार लावून. प्रणव आत फोनवर मिडवाइफचा व्हिडिओ धरून उभा. आणि मी पॅसेजमध्ये, हातात कोमट तेलाची वाटी घेऊन. आतून पोरीचं रडणं ऐकू यायचं. तिला धरलं कसंय, पाणी किती गरम आहे, मानेखाली हात आहे की नाही, हे कोणी मला बघूसुद्धा देत नव्हतं.

"तेजू, एकदा मला दे," मी चौथ्या दिवशी म्हणाले.

"आई, तुम्ही रेस्ट करा ना. आय विल मॅनेज," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

सहाव्या दिवशी विचारलं, आठव्या दिवशी विचारलं. दर वेळी रेस्ट. इतकी विश्रांती मी जन्मात घेतली नव्हती. मला राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. नातीला हातात घ्यायलाच आले आणि सुनेचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही, हे मनातून जाईना.

शेकशेगडीचंही तेच. बाळंतिणीला आणि बाळाला शेक द्यायचा, निखाऱ्यावर ओवा-शेपा टाकून धुरी द्यायची, याशिवाय बाळंतपण झालं असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. तेजश्रीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नको आई, प्लीज. बेबीच्या रूममध्ये स्मोक अजिबात नको म्हणून सांगितलंय."

स्मोक! मी मनात म्हटलं, अगं, धूर करतं ते कच्चं लाकूड. फुललेल्या निखाऱ्याला कुठला आलाय धूर? पंचवीस वर्षं बंब पेटवलेल्या बाईला एवढं कळत नाही होय?

नवव्या दिवशी तिघंही बाळाचं वजन करायला दवाखान्यात गेली. तासाभरात येतो म्हणाली. दार लागलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. आज खोली आधीच शेकून ठेवायची. ती यायच्या आत शेगडी बाहेर. खोलीत पाऊल टाकलं की मायलेकींना अशी ऊब लागली पाहिजे की सूनबाई आपणहून म्हणेल, आई, हे रोज करा.

शेगडी कशाची करायची हा प्रश्नच नव्हता. प्रणवची लोखंडी बादली होती की. तळाला निवलेली राख तशीच ठेवली, हीटरमधून चिमट्याने ठसठशीत लाल निखारे काढून तिच्यावर रचले आणि दोन फरशीचे तुकडे खाली घालून बादली बाळाच्या खोलीत मधोमध ठेवली. वर ओव्याची चिमूट. वास असा सुटला की मला माझं स्वतःचं बाळंतपण आठवलं. ऊब जायला नको म्हणून खिडकी घट्ट लावली, दार ओढून घेतलं, दाराखालच्या फटीत टॉवेलसुद्धा सारला. निखाऱ्यावर लक्ष नको का, म्हणून खुर्ची घेऊन तिथेच बसले. धूर म्हणाल तर नावाला नाही. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

थोड्या वेळाने डोकं जड झालं. वाटलं, चहा राहिलाय सकाळचा. मग डोळ्यांवर झापड आली. छान ऊब होती, अंग सैल पडलं होतं, आणि दोन मिनिटं मान टेकावी असा विचार करत होते, तेवढ्यात भिंतीवरची पांढरी डबी कान फाटतील अशी ओरडायला लागली.

ती डबी प्रणवने बाळाच्या खोलीत लावली होती. ही कशाला, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "कार्बन मोनॉक्साइडसाठी. दिसत नाही, वास येत नाही, डायरेक्ट माणूस झोपतो." जे दिसत नाही आणि ज्याला वास नाही त्याला घाबरायचं म्हणजे हद्द झाली, असं तेव्हा मला वाटलं होतं.

मी उठले तर पाय लटपटले. भिंत धरली. एरवी त्या डबीला मी झाडूने गप्प केलं असतं, पण पाय लटपटले म्हटल्यावर घाबरले, खरंच घाबरले. टॉवेल लाथेने उडवला, दार उघडलं, साडीचा पदर हाताला गुंडाळून बादली उचलली आणि जी निघाले ती थेट पुढच्या अंगणात. वर प्रणवचं जाड जॅकेट, खाली साडी, हातात निखाऱ्यांची बादली, आणि घरातून डबीचा ठणाणा.

शेजारच्या ग्लेनने कुंपणावरून डोकं काढलं. सत्तरीचा माणूस, आम्हाला लाकडं तोच आणून देतो, आणि उन्हाळ्यात वणवे विझवायला जाणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये त्याने निम्मं आयुष्य घालवलंय.

"यू राइट, लव्ह?"

लव्ह म्हटल्याबद्दल त्याला एरवी सुनावलं असतं. त्या क्षणी मी नुसती मान हलवली, आणि ती हलवल्यावर पोटात ढवळून आलं.

तो कुंपणाला वळसा घालून धावतच आला. बादली सिमेंटवर, भिंतीपासून लांब ठेवली. मला उघड्यावर खुर्चीत बसवलं. श्वास रोखून आत गेला, पटापट खिडक्या उघडून आला आणि मग माझ्यासमोर उकिडवा बसून विचारू लागला. डोकं दुखतंय? मळमळतंय? घरात आणखी कोणी आहे? बेबी? बेबी बाहेर गेलीये म्हटल्यावर त्याने डोळे मिटले आणि मोठा उसासा सोडला. तो उसासा ऐकून मला जे समजायचं ते समजलं.

माझं इंग्रजी तुटकं आहे, पण त्या दिवशी मला सगळं कळलं. धूर नाही म्हणजे विषारी वायू नाही, असं नसतं. लाल निखाराच तो सोडत असतो. हीटरमध्ये तो धुराड्यातून वर जातो, बादलीतला जाणार कुठे?

"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या करतात. कोणाला काही झालं नाही," मी माझ्या इंग्रजीत म्हणाले. अजूनही माघार घ्यायची नव्हती मला.

त्याने विचारलं, तुमचं तिकडचं घर कसं होतं? मी सांगितलं. वर कौलं, खिडकीला गज, दाराच्या फळीत बोट जाईल एवढी फट. सांगता सांगताच माझी नजर इथल्या घराकडे वळली. इथली खिडकी दुहेरी काचेची, दाराला रबराची पट्टी, आणि उरलेली फट मी स्वतःच्या हाताने टॉवेल सारून बुजवलेली. आमच्या घराला शंभर भोकं होती म्हणून आम्ही वाचलो होतो. त्यात माझ्या अकलेचा काही वाटा नव्हता.

ग्लेन मला दवाखान्यात नेतो म्हणाला. पोरं येतीलच आता, ती नेतील, असं मी सांगितलं. डबी एव्हाना गप्प झाली होती. मोकळ्या हवेत माझं डोकंही हलकं होऊ लागलं. तेव्हा, खोटं कशाला बोलू, मनात हिशेब सुरू झाला. खिडक्या उघड्या आहेतच. ओव्याचा वास उडून जाईल. फरशीचे तुकडे उचलले की संपलं. ग्लेनला हात जोडले तर तो कशाला बोलेल? आधीच मला न्हाऊ घालू देत नाहीत, हे कळलं तर बाळ मांडीवरही देणार नाहीत.

गाडी आली. प्रणव उतरला तोच ओरडला, "आई, सगळ्या विंडोज ओपन का आहेत? फ्रीझिंग आहे!"

"जरा हवा खेळती केली," मी म्हणाले. माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं.

तेजश्री झोपलेल्या चिमणीला घेऊन आत गेली. ती त्याच खोलीकडे वळली. खोलीत आता नुसती गार हवा होती, ग्लेनने दोनदा बघितलं होतं, मलाही माहीत होतं. पण तिचा हात दाराच्या मुठीवर पडला आणि मी ओरडले.

"तेजू, त्या खोलीत नको!"

मग सांगावंच लागलं. निखारे, बादली, खिडकी, टॉवेल, सगळं.

प्रणव इंग्रजीत भडकला. चिडला की त्याला मराठी सुचत नाही. "इन द बेबीज रूम, आई! इन अ क्लोज्ड रूम!" मी मान खाली घालून ऐकलं, कारण तो बरोबर होता. तेजश्रीने मात्र बाळाला छातीशी घट्ट धरलं. दुसऱ्या खोलीत जाऊन तिने दार लावलं. प्रणवने मला दवाखान्यात नेलं. तिथे रक्त तपासलं, दोन तास ठेवून घेतलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सोडलं. घरी आल्यावर मी तेलाची वाटी घासूनपुसून कपाटात अगदी मागे ठेवून दिली. आता ती कोणाला लागणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हीटर पेटवत होते. तेवढं काम अजून माझ्याकडे होतं. दार लावलं, पिवळ्या पट्टीच्या बाहेर सरकून बसले. तेजश्री चिमणीला घेऊन आली आणि माझ्याशेजारी जमिनीवरच बसली.

"आई, रागावणार नाही ना?" ती म्हणाली. "काल मला खूप भीती वाटली. राग पण आला. पण रात्रभर... ॲक्चुअली, मला बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"तुम्ही चुकलात म्हणून."

मी तिच्याकडे वळून बसले.

"चौथ्या दिवशी मी फीड करता करता सोफ्यावर झोपले. जागी झाले तर ही घसरून उशीच्या फटीत गेली होती. तोंड खाली. किती वेळ होती मला माहीत नाही, आई. मी कोणालाच सांगितलं नाही, प्रणवलाही नाही." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आणि तुम्ही सारखं म्हणायचात, तेहतीस बाळं न्हाऊ घातली, एकही रडलं नाही. मला वाटायचं, हिला तुमच्या हातात दिलं की तुम्हाला लगेच कळेल, मी किती बॅड मदर आहे. म्हणून नको म्हणत होते. तुमच्यावर ट्रस्ट नव्हता म्हणून नाही."

मी आधी तिचे डोळे पुसले, मग माझे. नऊ दिवस मी त्या पॅसेजमध्ये उभी राहून हिला मनातल्या मनात काय काय बोलले होते, ते आठवून मला शरम वाटली.

"तेजू," मी म्हणाले, "एकही रडलं नाही हे साफ खोटं आहे. सगळी रडली. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं."

ती रडता रडता हसली.

"आणि प्रणव वीस दिवसांचा असताना बंबाचं पाणी गार पाण्याचं विसण न घालता घेतलं होतं मी. पाठ लालबुंद. तीन दिवस सासूबाईंपासून लपवून लोणी लावत होते."

"व्हॉट?" स्वयंपाकघरातून आवाज आला. प्रणव टोस्ट हातात घेऊन दारात उभा. "म्हणजे मी टेस्टिंग पीस होतो?"

"टिकलास ना? मग गप्प बस आणि पाणी काढ," मी म्हणाले. "आणि आधी गार सोड, मग गरम."

त्याने बाथरूम गरम केली. पाण्यात तेजश्रीने कोपर घालून बघितलं, मग मी बघितलं, मग प्रणवने त्याचा थर्मामीटर घातला. पाट नव्हता, म्हणून टॉवेलची चौपदरी घडी केली. दार सताड उघडं होतं. मी बसायला वाकले, आणि तेजश्रीने बाळ माझ्यापुढे धरलं.

किती दिवस वाट बघितली होती या क्षणाची. हात पुढे केलेही होते मी. पण तिची बोटं अजून बाळाच्या मानेखाली तशीच होती, आणि ती नीट धरलेली होती, अगदी हवी तशी. ती बरोबर धरते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"तू बस," मी म्हणाले. "पाय लांब कर."

"मी? आई, नाही, मला नाही येणार."

"मी आहे ना इथे. बस."

ती बसली. मी तिच्या दोन्ही टाचा जुळवल्या, चिमणीला तिच्या नडग्यांवर नीट ठेवलं आणि तांब्या हातात घेतला. पहिली धार पाठीवर पडली मात्र, पोरीने असा सूर लावला की कुंपणापलीकडून ग्लेनने हाक मारली, सगळं ठीक आहे ना म्हणून. प्रणव त्याला "ऑल गुड, मेट" सांगायला बाहेर पळाला.

"आई, किती रडतेय ही! मी बरोबर करतेय ना?"

आयुष्यभर अशा प्रश्नांना माझ्याकडे उत्तर तयार असायचं. मी तांब्या पुन्हा भरला.

"मला तरी कुठे ठाऊक आहे?" मी म्हणाले. "मान धर, बघू या दोघी मिळून."